सर्व्हे झाला, आता प्रश्न नीट मांडू या



आपल्या वस्त्यांचे सर्व्हे काही कमी झालेले नाहीत. आशाताई रजिस्टर घेऊन येतात, कॉलेजची मुले मोबाईल घेऊन येतात, संस्थेच्या ताई फॉर्म घेऊन येतात, निवडणूक जवळ आली की कार्यकर्ते येतात. घरात माणसे किती, नळ आहे का, संडास कुठे, आजारी कोण, गोळ्या चालू आहेत का. आपण कामे बाजूला ठेवून उत्तरे देतो. ते जातात. वर्षभराने दुसरे कोणी येते आणि तेच विचारते. "ताई, एवढं लिहून नेता, त्याचं पुढं काय होतं?" असे मला नाशिकच्या कितीतरी वस्त्यांत बायांनी विचारले आहे. त्यांचे बरोबर आहे.

पुढे बहुतेक वेळा एक अहवाल होतो. अहवालात ओळी असतात, "महिलांमध्ये रक्त कमी", "रुग्ण उपचार अर्धवट सोडतात", "शौचालयाचा वापर अपुरा". आणि त्याखाली उपाय म्हणून एकच शब्द असतो, जनजागृती. म्हणजे आणखी एक पोस्टर, आणखी एक भाषण. वस्ती जिथे होती तिथेच राहते.

माहिती आणि उपाय यांच्यामध्ये एक पायरी असते आणि ती गाळली जाते. मिळालेल्या माहितीतून नेमका प्रश्न तयार करणे, ही ती पायरी. इमारती, वस्तू, सेवा यांची आखणी करणारी माणसे, ज्यांना डिझायनर म्हणतात, हे काम कॉलेजात शिकतात. पण त्यासाठी पदवी लागत नाही. शाळेचे तोंड न पाहिलेल्या बायांनी हे काम उत्तम केल्याची उदाहरणे आपल्या महाराष्ट्रातच आहेत. आज त्याविषयी.

एक माहिती, दोन प्रश्न

सोपे उदाहरण घेऊ. समजा वस्तीत सर्व्हे झाला आणि कळले की गरोदर बाया रक्तवाढीच्या गोळ्या पूर्ण घेत नाहीत. सरकारी कार्यक्रमात गरोदरपणी १८० दिवस रोज एक गोळी आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस रोज एक गोळी मोफत मिळते. घराघरात मात्र अर्ध्या गोळ्या डब्यात पडून असतात.

या माहितीतून पहिला प्रश्न असा निघू शकतो: "या बायांना गोळ्या घ्यायला कसे लावायचे?" याची उत्तरे आपल्या ओळखीची आहेत. रागवा, समजावा, नवऱ्याला बोलवा, कार्डावर शिक्का मारा.

आता त्याच बायांकडे थोडा वेळ बसा आणि काल गोळी घेतली का, नसेल तर काल नेमके काय झाले, एवढेच विचारा. एक सांगेल की सकाळी सातला द्राक्षबागेचा टेम्पो असतो, तेव्हा उपाशीपोटी गोळी घेतली की मळमळते आणि टेम्पोत उलटी होते. दुसरी सांगेल की संडासला काळे झाले म्हणून सासूबाई घाबरल्या आणि गोळ्या बंद केल्या. तिसरी चहाबरोबर घेते आणि म्हणते, चार महिने घेतल्या पण रक्त वाढले नाही. आता दुसरा प्रश्न तयार होतो: "काय केले म्हणजे पहाटे कामाला निघणाऱ्या बाईला मळमळ न होता रोज गोळी घेता येईल?"

याची उत्तरे वेगळी येतात. गोळी रात्री जेवणानंतर घ्या. सोबत लिंबूपाणी घ्या, आवळा खा. चहा आणि दूध गोळीच्या आगेमागे तास-दोन तास नको. कॅल्शियमची गोळी लोहाच्या गोळीबरोबर घेऊ नका, तिची वेळ वेगळी ठेवा. काळा संडास होणे हा गोळीचा नेहमीचा परिणाम आहे, हे गोळी देतानाच बाईला आणि सासूबाईंनाही सांगा. यातल्या कशालाही पैसा लागत नाही.

पहिल्या प्रश्नाने दोष बाईत धरला होता. दुसऱ्या प्रश्नाने दोष गोळीच्या वेळेत आणि न दिलेल्या माहितीत शोधला. आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या पहिल्या तऱ्हेचे प्रश्न ऐकले आहेत. "हे लोक स्वच्छ का राहत नाहीत? हे लोक शिकत का नाहीत?" प्रश्न ज्या पद्धतीने मांडला जातो त्यावरूनच कोणाला बदलायला सांगितले जाणार हे ठरते. म्हणून प्रश्न मांडण्याचे काम दुसऱ्याच्या हाती सोडू नये.

पुण्याच्या वस्त्यांमधले संडास

१९८५ साली मुंबईत फुटपाथवर राहणाऱ्या माणसांची मोजणी झाली. ती केली शीला पटेल यांच्या स्पार्क या संस्थेने, फुटपाथवरच्याच बायांना बरोबर घेऊन. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे तेव्हा फुटपाथवरची घरे उठवली जाण्याची भीती होती आणि ही माणसे कोण, कुठून आली, काय काम करतात याची कोणाकडे नोंद नव्हती. त्या अहवालाच्या नावाचा अर्थच "आम्ही, न दिसणारी माणसे" असा होता. भायखळ्याच्या त्या बायांमधून पुढे 'महिला मिलन' उभे राहिले. झोपडपट्टीवासीयांचे नेते जोकिन अर्पुथम यांची नॅशनल स्लम ड्वेलर्स फेडरेशनही त्यांच्यासोबत आली.

१९९९ मध्ये पुणे महापालिकेने वस्त्यांमध्ये मोठ्या संख्येने सार्वजनिक शौचालये बांधायला घेतली आणि स्वयंसेवी संस्थांना काम दिले. त्यात या तिघांची जोडगट्टी होती. दोन-तीन वर्षांत पुण्यात सर्व संस्था मिळून चारशेवर शौचालये झाली.

जुन्या, ठेकेदाराने बांधलेल्या संडासांची अवस्था आपल्याला सांगायला नको. अंधार, पाणी नाही, दरवाजे तुटके, साफ करायला कोणी नाही, बायापुरुषांची समोरासमोर रांग. लहान मुले बाहेर गटारीच्या कडेला बसतात. त्यावर साहेबांचा शेरा काय, तर "पालकांना सवय नाही."

बायांनी सांगितलेली गोष्ट वेगळी होती. रांगेत मूल उभे केले की मोठी माणसे त्याला मागे सारतात. कामावर जायची घाई प्रत्येकाला असते. आणि आत गेले तरी मोठ्या माणसाच्या मापाच्या भांड्यावर तीन वर्षांचे मूल बसू शकत नाही, पडायची भीती वाटते. त्यांच्या बोलण्यातला प्रश्न आपल्या भाषेत असा मांडता येईल: "काय केले म्हणजे लहान मुलाला रांगेत मोठ्यांशी झगडावे लागणार नाही आणि बसताना भीती वाटणार नाही?" नव्या बांधकामात मुलांसाठी वेगळा भाग आला, भांडी लहान झाली, खाली मोठे भोक नाही आणि धरायला दांडी.

दुसरा प्रश्न सफाईचा. "लोक घाण करतात, त्यांना शिस्त कशी लावायची?" असा तो मांडला असता तर दंडाची पाटी लागली असती. "काय केले म्हणजे साफ ठेवणारे माणूस सतत तिथेच असेल आणि त्याचा पगार वस्तीला परवडेल?" असा मांडल्यावर शौचालयाबरोबरच देखभाल करणाऱ्या कुटुंबासाठी खोली बांधली गेली. राहायची सोय झाल्यामुळे कमी पगारात माणूस मिळाला. दर वेळी रुपया देण्याऐवजी कुटुंबाचा महिन्याचा पास ठेवला गेला, साधारण वीस रुपयांचा. पाच-सहा माणसांच्या घराला रोज रुपया-रुपया कसा परवडणार? हा हिशेब घर चालवणारी बाईच करू शकते.

बाया आणि पुरुष यांची दारे वेगळी झाली. पाण्याच्या मोठ्या टाक्या आल्या. काही ठिकाणी जागा होती तिथे छोटे सभागृहही बांधले. माणसे जिथे बसतात-उठतात ती जागा घाण राहू दिली जात नाही, हा त्यामागचा विचार. बांधण्याआधी "संडास मेळे" भरवले गेले. भर वस्तीत नमुने उभे करायचे, लोकांनी आत जाऊन पाहायचे, उघडपणे बोलायचे. ज्या विषयावर नाक मुरडले जाते तो विषय अधिकारी आणि पाहुणे यांच्यासमोर चारचौघात आला.

यातली सगळी शौचालये पुढे तितकीच चांगली चालली असे नाही. पाण्याची लाईन, विजेचे बिल, स्थानिक राजकारण यांनी अनेक ठिकाणी त्रास दिला. इमारत उभी राहिल्यावरही प्रश्न विचारत राहावे लागते.

एक परिचारिका म्हणून मी या विषयाला आरोग्याचा विषय मानते. संडासला जायला लागू नये म्हणून बाया दिवसभर पाणी कमी पितात, रात्री लघवी दाबून ठेवतात. त्यातून लघवीची जळजळ आणि जंतुसंसर्ग होतो. गरोदरपणी हा संसर्ग अंगावर काढला तर दिवस भरण्याआधी कळा येऊ शकतात. औषध मी देऊ शकते, पण संडासाची वाट अंधारी असेल तर तीच बाई महिन्याने पुन्हा तीच तक्रार घेऊन येणार.

पांढरा कपडा कोणाला काय दिसतो

दुसरे उदाहरण गडचिरोलीचे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने आदिवासींना विचारले, तुम्ही दवाखान्यात का येत नाही? उत्तरे कोणत्याही वैद्यकीय पुस्तकात नव्हती. मोठ्या इमारतीत आम्ही गोंधळतो. नातेवाइकांना आत राहू देत नाहीत. तिथे आमचा देव नाही. आणि डॉक्टर-नर्स पांढऱ्या कपड्यांत असतात. आमच्यात पांढरे कापड मेलेल्या माणसावर घालतात.

मी पांढरा युनिफॉर्म वर्षानुवर्षे घातला. आम्हाला शिकवले होते की पांढरा म्हणजे स्वच्छ. समोरच्याला त्यात मयत दिसत असेल, हे विचारल्याशिवाय कळणार कसे?

"आदिवासींची अंधश्रद्धा कशी घालवायची?" असा प्रश्न 'सर्च'ने केला असता तर पुन्हा पोस्टरच निघाले असते. त्यांनी आदिवासींना त्यांच्या मनासारखा दवाखाना कसा असेल ते विचारले. त्यातून शोधग्राममध्ये झोपड्यांसारख्या छोट्या घरांचा, गावासारखा दवाखाना झाला, जिथे नातेवाईक रुग्णाजवळ राहू शकतात. त्याला माँ दंतेश्वरीचे नाव दिले गेले. आपल्या वाचकांपैकी काहींना देवीचे नाव खटकेल. ते नाव त्या माणसांनी निवडले होते आणि उपचार घ्यायला तीच माणसे येणार होती.

त्याच संस्थेचे आणखी एक काम पाहा. लहान मुलांचा न्यूमोनिया ओळखायचा तर मिनिटाला श्वास किती हे मोजावे लागते. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त, म्हणजे धोका. गावातल्या दाया अनुभवी होत्या, पण शाळेत गेलेल्या नव्हत्या. साठपर्यंत न चुकता मोजणे त्यांना अवघड. "अशिक्षित दाईला हे जमणार नाही," असे म्हणून फाईल बंद करता आली असती. त्याऐवजी प्रश्न असा झाला: "काय केले म्हणजे मोठे आकडे न मोजता दाईला जोराचा श्वास ओळखता येईल?" त्यातून एक साधे साधन निघाले. एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलो, तर न्यूमोनिया. दाई तीच, हुशारी तीच, फक्त साधन तिच्या हाताला बसेल असे झाले.

(हे आकडे घरी लक्षात ठेवा. बाळ शांत असताना, पोटावर नजर ठेवून पूर्ण एक मिनिट मोजा. श्वास जोरात असेल, छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल किंवा बाळ दूध ओढत नसेल तर वाट न पाहता दवाखाना गाठा.)

प्रश्न कसा बांधायचा

आता आपल्या वस्तीकडे येऊ. महिला मंडळाच्या बैठकीत, विहारात सतरंजीवर बसून हे करता येते. दोन तास, जुन्या वह्यांचे कागद आणि एक पेन पुरे.

पहिले, माणसाचे शब्द तसेच लिहा. नर्सिंगला आम्हाला शिकवतात की तक्रार रुग्णाच्याच शब्दांत लिहायची. "पोटात आग पडते" म्हणाली तर "ॲसिडिटी" लिहायचे नाही. सर्व्हेतही तेच. "बाई निष्काळजी आहे" हे कोणी बोललेले नसते, ते लिहिणाऱ्याचे मत असते. "दवाखाना दहाला उघडतो, मी आठला कामावर असते" हे बोललेले असते. एका चिठ्ठीवर एकच वाक्य.

दुसरे, "हवे का?" असे विचारू नका. "दवाखाना हवा का?" याला कोण नाही म्हणेल? "मागच्या वेळी ताप आला तेव्हा काय केले, कुठे गेलात, किती वेळ गेला, किती पैसे गेले?" असे घडलेले विचारा. घडलेल्या गोष्टीत अडचण दिसते.

तिसरे, चिठ्ठ्या जमिनीवर मांडा आणि सारख्या अडचणींचे गट करा. गल्लीप्रमाणे किंवा आजाराप्रमाणे करू नका. बीपीवाला, टीबीवाला आणि गरोदर बाई या तिघांची अडचण "दवाखान्याची वेळ" हीच असू शकते. मग ती एका माणसाची तक्रार राहत नाही.

चौथे, प्रत्येक मोठ्या गटाचा एक प्रश्न करा. साचा सोपा आहे: काय केले म्हणजे, कोणाला, काय, कोणत्या अडचणीत जमेल? कोण, काय आणि अडचण, या तिन्ही जागा भरल्या पाहिजेत. "काय केले म्हणजे आरोग्य सुधारेल?" यात तिन्ही जागा रिकाम्या आहेत. "काय केले म्हणजे अंबडच्या कंपनीत रात्रपाळी करणाऱ्या बीपीच्या माणसाला रोजगार न बुडवता दर महिन्याला बीपी तपासता येईल?" यात तिन्ही भरल्या आहेत.

एक सूचना. टीबी, एचआयव्ही, पाळी, गर्भपात, घरातली मारहाण अशा गोष्टींच्या चिठ्ठ्यांवर नाव, घर नंबर, गल्ली काही लिहू नका. वस्तीत अक्षरावरूनही माणूस ओळखतात. अशा चिठ्ठ्या एकीनेच लिहाव्यात आणि बैठकीनंतर फाडून टाकाव्यात.

प्रश्नाची तपासणी

प्रश्न तयार झाला की तो चार चाळण्यांतून काढा.

दोष माणसावर ठेवला आहे का? "कसे लावायचे", "कशी शिस्त आणायची", "कसे पटवायचे" हे शब्द दिसले की थांबा.

उत्तर आधीच आत लपले आहे का? "काय केले म्हणजे आपल्या वस्तीला मोठे हॉस्पिटल मिळेल?" यात उत्तर ठरवूनच टाकले आहे. हॉस्पिटल कशासाठी हवे, असे विचारले तर बाया सांगतील की रात्री कळा सुरू झाल्या आणि १०८ ची गाडी गल्लीत शिरली नाही. मग प्रश्न होतो: "काय केले म्हणजे रात्री कळा सुरू झालेल्या बाईला अरुंद गल्लीतून लवकर गाडीपर्यंत नेता येईल?" याची उत्तरे वस्तीतच सापडू लागतात. रात्री येणाऱ्या दोन-तीन रिक्षावाल्यांचे नंबर भिंतीवर लिहिणे, गाडी कुठे थांबेल ती खूण ठरवणे, विहारात एक दांड्यांची खुर्ची ठेवणे, गल्लीच्या तोंडाशी लावलेल्या गाड्या हलवणे.

प्रश्न फार मोठा आहे का? इथे आपल्याच शहराचे उदाहरण घेते. २००३ च्या सिंहस्थात नाशिकमध्ये चेंगराचेंगरी होऊन ३९ माणसे गेली. "चेंगराचेंगरी कशी टाळायची?" हा प्रश्न एवढा मोठा की हाताला लागत नाही. २०१५ च्या सिंहस्थाच्या तयारीत, मूळचे नाशिकचे आणि अमेरिकेत एमआयटीत शिकवणारे रमेश रासकर यांच्या पुढाकाराने 'कुंभथॉन' नावाचा उपक्रम झाला. त्यात इथल्या निलय कुलकर्णी या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने आणि त्याच्या सोबत्यांनी एक छोटा प्रश्न धरला: चालत येणाऱ्या गर्दीत कोणत्या वाटेने किती माणसे जात आहेत, हे वेळेत कसे कळेल? सगळ्यांकडे मोबाईल असेलच असे नाही, प्रत्येकाच्या हाताला पट्टा बांधता येणार नाही. पाऊल मात्र प्रत्येक जण टाकतो. म्हणून वाटेवर अंथरायची, पावलांचा दाब मोजणारी चटई तयार झाली. तिचे नाव 'आशिओटो', जपानी भाषेत पावलांचा आवाज. अडचण नेमकी मांडली की उत्तर पायाखाली सापडते ते असे.

शेवटची चाळणी. या प्रश्नाला तीन तरी वेगवेगळी उत्तरे निघतात का? एकच निघत असेल तर प्रश्न अरुंद आहे. तीस निघत असतील तर पसरट आहे. आणि ज्या बाईच्या चिठ्ठीवरून प्रश्न निघाला तिला तो वाचून दाखवा. ती "हां, हेच" म्हणाली तर पुढे जा. ती गप्प राहिली तर पुन्हा लिहा.

उत्तर आपल्या मनाविरुद्ध आले तर

आपल्या शेजारच्या जिल्ह्यातल्या जामखेडला १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे आरोग्याचे काम करायला गेले. लोकांना विचारले तर लोकांची गरज आधी पाणी आणि अन्न ही होती. डॉक्टरांनी ते ऐकले. हातपंपांचे काम हाती घेतले आणि पंप दलित वस्तीत घेण्याकडे लक्ष दिले. पाणी हवे तर गावाने तिथे यायचे. चवदार तळ्याचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे त्यांना या निर्णयाचे वजन वेगळे सांगायला नको. तिथे शिकलेल्या नर्सना गावात जम बसवता येईना, तेव्हा गावानेच निवडलेल्या बाया आरोग्यसेविका झाल्या. त्यात दलित बाया होत्या, निरक्षर बाया होत्या. माझ्यासारख्या डिप्लोमावालीने हे मोकळ्या मनाने वाचावे असे आहे.

आपल्या बैठकीतही असे होईल. आपण रक्तदाबावर बोलायला बसू आणि बाया दारूच्या गुत्त्यावर बोलतील. तेव्हा विषय वळवू नका. गुत्त्यासमोरून दवाखान्यात जावे लागते म्हणून बाई संध्याकाळी जात नसेल, तर तो रक्तदाबाचाच विषय आहे.

कोणाच्या हातातले काय

एक सावधगिरी मात्र मला फार महत्त्वाची वाटते. चांगले प्रश्न मांडून आपणच सगळी उत्तरे शोधायला लागलो, तर महापालिका खुशाल हात झटकेल. म्हणून प्रत्येक प्रश्नाखाली दोन रकाने करा. आपल्या हातातले आणि महापालिकेच्या हातातले. गोळी रात्री घेणे आपल्या हातात आहे. आरोग्य केंद्र संध्याकाळी उघडे ठेवणे, संडासाला पाणी देणे, गल्लीत दिवा लावणे त्यांच्या हातात आहे आणि तो आपला हक्क आहे. आपल्या रकान्यातले काम एक महिना करून पाहा, काय झाले ते लिहा, आणि त्यांच्या रकान्यातले निवेदन म्हणून द्या. "दवाखाना द्या" असे शंभर सह्यांचे निवेदन साहेब बाजूला ठेवतात. "आमच्या वस्तीत इतक्या बायांनी सांगितले की केंद्राच्या वेळेत त्या कामावर असतात, आठवड्यातून दोन संध्याकाळी केंद्र उघडे ठेवता येईल का?" याला हो किंवा नाही असे उत्तर द्यावे लागते. पोच घ्या, तारीख टाका, फोटो काढून ठेवा.

हे सारे करायला नवी संघटना काढायची गरज नाही. राष्ट्रीय शहरी आरोग्य अभियानात ५० ते १०० घरांमागे एक महिला आरोग्य समिती असते आणि तिला वर्षाला ५,००० रुपयांचा मोकळा निधी मिळतो. आपल्या वस्तीत समिती आहे का, तिच्या बाया कोण, या वर्षीचा निधी कशावर खर्च झाला, हे आशाताईंना विचारा. समिती कागदावरच असेल तर तीच पहिली चिठ्ठी.

येत्या बैठकीत एकच विषय घ्या. दहा घरांत जा, मागच्या वेळी काय झाले ते विचारा, शब्द तसेच लिहा आणि एक प्रश्न तयार करा. पुढच्या वेळी कोणी फॉर्म घेऊन दारात आले तर त्यांना बसवा, पाणी द्या, आणि आपला प्रश्न त्यांच्यासमोर ठेवा.